हातोडी मुलांच्या हाती कधी?

महोदय,

मोफत सुतारकाम कार्यशाळांना पालक गांभीर्याने घेत नाहीत, नाव नोंदवून ऐनवेळी येत नाहीत, आणि आलेच तर मुलाला मेजापाशी उभे करून स्वतः मोबाइलमध्ये डोके घालतात, सबब या कार्यशाळांना शुल्क लावावे, असे सांगणारा लेख आपण काल ठळकपणे छापला आहे. तो मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात राग आला. दुसऱ्या वाचनात लेखाशेजारचे छायाचित्र नीट पाहिले आणि हसू आले. त्या छायाचित्राविषयी शेवटी लिहितो.

नाव नोंदवून न येणारे पालक असतात, हे मान्य. त्यांच्यामुळे दुसऱ्या एखाद्या मुलाची जागा जाते आणि ते वाईटच आहे. परंतु जे येतात त्यांच्या वाट्याला काय येते, हे लेखकमहाशयांनी कोणाला विचारलेले दिसत नाही. मी गेलो होतो. गेल्या महिन्यात सात वर्षांच्या नातीला घेऊन मी अशाच एका कार्यशाळेला वेळेच्या वीस मिनिटे आधी हजर होतो, आणि माझा मोबाइल पूर्ण वेळ खिशातच होता.

पाखरांसाठी लाकडी घरटे करायचे होते. सहा फळ्या आधीच कापून ठेवलेल्या, खिळ्यांच्या जागी पेन्सिलीचे ठिपके मारलेले, आणि प्रत्येक मुलासमोर एक हातोडी. ती हातोडी मी उचलून पाहिली. चांगली अर्ध्या किलोची, मोठ्या माणसाची होती. मेज नातीच्या छातीपर्यंत येत होते. हातोडीचा घाव बसायचा तर कोपर मोकळे हवे आणि काम कमरेच्या आसपास हवे, ही गोष्ट ज्याने आयुष्यात एक तरी खिळा ठोकला आहे त्याला सांगावी लागत नाही. नातीने जड हातोडी दांड्याच्या टोकाशी न धरता डोक्याजवळ धरली, कारण तिला ती तशीच पेलत होती, आणि तशी धरलेल्या हातोडीच्या घावात जोर नसतो. पहिला खिळा वाकला. तिने तो काढायला सुरुवात केली, तोच एक स्वयंसेवक काका हसतमुखाने आले, ‘दे बेटा, मी देतो करून’ म्हणाले, हातोडी तिच्या हातून घेतली आणि मिनिटभरात चार खिळे ठोकून पुढच्या मुलाकडे वळले. त्या घाईत पुढच्या फळीला कडेपासून तडा गेला. त्यावर काकांचे उद्गार होते, ‘लाकूडच कच्चं आहे.’

लाकूड कच्चे नव्हते. फळीच्या अगदी कडेशी टोकदार खिळा ठोकला की तो पाचरीसारखा तंतूंच्या मध्ये शिरतो आणि फळी रेषेच्या दिशेने फाटते. म्हणूनच जुने सुतार खिळा ठोकण्यापूर्वी त्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करतात. बोथट टोक तंतूंना बाजूला सारत नाही, चिरडत आत जाते, आणि तडा टळतो. नाहीतर खिळ्याहून थोडे बारीक भोक आधी पाडून ठेवायचे. शिकवण्यासारखे त्या दिवशी एवढेच होते, ते मुलांना फार आवडलेही असते, आणि नेमके तेच कोणी शिकवले नाही.

घरी येईपर्यंत नात एक शब्द बोलली नाही. दोन दिवसांनी आलेल्या एका पाहुण्यांनी फडताळावरचे ते घरटे पाहून तिचे कौतुक केले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘हे त्या काकांनी केलंय. मी फक्त रंग लावलाय.’ पाहुणे हसले. मला हसू आले नाही. शुल्क लावले असते तर हे वाक्य तिच्या तोंडून आले नसते काय, हा माझा लेखकमहाशयांना प्रश्न आहे. शुल्क भरलेल्या मुलीच्या हातून त्याच काकांनी तीच हातोडी तितक्याच प्रेमाने काढून घेतली असती. कदाचित अधिक तत्परतेने, कारण शुल्क भरलेल्या पालकाला तयार वस्तू नेण्याची घाई जास्त असते.

ही काही माझी नवी कल्पना नाही. शालेय हस्तकलेचा जो प्रकार ‘स्लॉइड’ नावाने जगभर पोहोचला, त्याचा पाया फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांनी घातला आणि १८६६ मध्ये तेथील लोकशाळांत हस्तकला हा सक्तीचा विषय झाला. पुढे स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमोन यांनी शिक्षकांना हेच काम शिकवण्यासाठी संस्था चालवली. घरात उपयोगी पडेल अशी वस्तू, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम, आणि वस्तू पूर्णपणे मुलाच्या हातची, हा त्यांचा आग्रह होता. शिक्षकाने सांगावे, दाखवावे, परंतु मुलाच्या कामाला स्वतःचा हात लावू नये, असे त्यांनी स्पष्टपणे शिकवले. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांना पटवून दिलेली ही गोष्ट आपल्या स्वयंसेवकांना कार्यशाळेपूर्वी पाच मिनिटांत सांगता येणार नाही, असे मला वाटत नाही.

बोटांना इजा होईल म्हणून हातोडी काढून घेतो, असे आयोजक म्हणतील. ही काळजी रास्त आहे, पण तिचा उपाय कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याइतका साधा आहे. चिमट्यात खिळा धरला की मुलाची बोटे घावापासून दूर राहतात. चिमटा नसेल तर पुठ्ठ्याच्या पट्टीत खिळा खोचावा आणि तो बसला की पट्टी फाडून काढावी. दोनशे-अडीचशे ग्रॅमची हातोडी, डोळ्यांना चष्मा आणि पायाखाली एखादे भक्कम पाट-चौरंग, एवढ्यावर सात वर्षांचे मूल उत्तम खिळा ठोकते. हे मी अनुभवाने सांगतो. त्या पाहुण्यांच्या भेटीनंतर मी जंबूर घेऊन घरट्याचे सगळे खिळे उपसले, तडा गेलेली फळी सरस लावून रात्रभर दाबून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून नातीने सगळे पुन्हा ठोकायला घेतले. दोन संध्याकाळी लागल्या. अकरा खिळे वाकले. ते तिने एका डबीत जपून ठेवले आहेत, का ते मला माहीत नाही. तिसऱ्या खिळ्याला माझाही हात नकळत पुढे झाला होता, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. तिने तो बाजूला सारला. छप्पर आता एका अंगाला कलले आहे, आणि घरी कोणीही आले तरी ते तिच्याकडून त्यांना दाखवले जाते.

या कार्यशाळा मोफत आहेत म्हणूनच जी मुले एरवी करवतीला हातही लावणार नाहीत ती तेथे येतात. शुल्क लावल्यास नोंदणी करून न येणारे कमी होतील, हे खरे असेल. पण त्यांच्याबरोबर ज्यांना यावेसे वाटते आणि शुल्क परवडत नाही तेही कमी होतील, आणि मोजदाद मात्र पहिल्यांचीच होईल. गैरहजेरीवर उपाय हवा असेल तर प्रतीक्षा यादी ठेवावी आणि दहा मिनिटे वाट पाहून रिकामी जागा पुढच्या मुलाला द्यावी. त्यासाठी अग्रलेखाच्या थाटातल्या लेखाची गरज नव्हती.

विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट आयोजकांच्या कानावर घालावीशी वाटते. घरट्याचा तळ एमडीएफचा होता आणि तो घासायला मुलांना पॉलिश पेपर दिले होते. खिडक्या बंद, तोंडावर काही नाही, आणि साऱ्या खोलीत पिठासारखी बारीक धूळ. एमडीएफ हे लाकडाचे बारीक तंतू बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेने दाबून केलेले असते आणि त्याची धूळ साध्या भुश्श्याहून कितीतरी बारीक उडते. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तो निष्कर्ष वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांवरून काढलेला आहे आणि एका सकाळच्या घासकामाने कोणाला काही होईल असे मी सुचवत नाही. परंतु खिडकी उघडायला आणि एमडीएफऐवजी साधी फळी वापरायला हरकत काय होती, हे मला अजून उमगलेले नाही. पालक मोबाइल पाहतात याची चिंता करणाऱ्या लेखकमहाशयांना ही धूळ दिसली नसावी.

आता छायाचित्राविषयी. त्याखाली आपण ‘सुतारकामात रंगलेली मुले’ अशी ओळ दिली आहे. चित्रात तीन मुले, एक आयोजक आणि एक हातोडी आहे. हातोडी आयोजकांच्या हातात आहे. मुलांपैकी दोघांचे हात पाठीमागे आहेत आणि तिसरे मूल खिडकीबाहेर पाहत आहे. पालक चित्रात कोठेच नाहीत, तरी दोष त्यांचा. शिवाय त्याच ओळीत मेजावर ठेवलेल्या हत्यारास ‘रंधा’ म्हटले आहे. ती पटाशी आहे. रंध्याने फळी तासून सपाट करतात, पटाशीने खाच पाडतात. दोघांत साम्य असेल तर ते पात्याच्या धारेपुरते. ही चूक माझ्याआधी नातीच्या लक्षात आली. दुरुस्ती उद्याच्या अंकात छापावी, ही विनंती. ती कात्रण करून वाकलेल्या खिळ्यांच्या डबीत ठेवणार आहे.

आपला,
एक जुना वाचक