कौलं गळतायत, अर्ज परत येतोय: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मंत्रिमहोदय, लालबागच्या एका गल्लीत आमची संस्था आहे. तळमजला आणि वर एक माळा, मंगलोरी कौलं, सागवानी तुळया. खाली आखाडा, वर वाचनालय. लोखंडी ट्रंकेत इतिवृत्ताची पहिली वही आहे, तिच्यात १९२७ सालच्या नोंदी आहेत. वर्गणी महिना चार आणे. वर्गणीदाराच्या नावापुढे त्याचं गाव आणि गिरणीतलं खातं लिहिलंय. कुणी साचाखात्यातला, कुणी त्रासनखात्यातला. पाळी सुटली की ही माणसं इथे यायची, वाचता येणारा एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, असं जुन्या लोकांकडून आम्ही ऐकत आलो. १९८२ च्या संपात गल्लीतल्या बैठका याच माळ्यावर व्हायच्या. त्या मात्र मी स्वतः पाहिल्यात. तेव्हा मी नववीत होतो आणि सतरंज्या घालायचं काम आम्हा पोरांकडे होतं.

गेली अकरा वर्षं मी इथला चिटणीस आहे.

२०१८ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या. २०२५ मध्ये बारा किल्ले गेले, त्यातले अकरा आपले. दोन्ही वेळा आम्ही दारातल्या फळ्यावर खडूनं अभिनंदन लिहिलं, किल्ल्यांच्या वेळी पेढेही वाटले. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ठेवायचं शासनानं ठरवलं, तेही चांगलंच झालं. पण आमची इमारत राज्य संरक्षित स्मारक नाही, महापालिकेच्या वारसा यादीतही नाही. घुमट नाही, कमान नाही, कुणी राजा इथे राहिला नाही. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत राहायचे, त्या खोल्याही बाहेरून बघाल तर चारचौघींसारख्याच. आमच्या भागातला इतिहास असाच, ओळखू न येणारा आहे.

वाचनालयं तुमच्या खात्यात येत नाहीत, उच्च व तंत्रशिक्षणाकडे येतात, हे मला ठाऊक आहे. तिकडून परिरक्षण अनुदान मिळतं. ते ग्रंथपालाचा पगार आणि पुस्तकांवर संपतं, छपरापर्यंत पोचत नाही. म्हणून जुनी वास्तू या नात्यानं आम्ही दुरुस्तीच्या एका योजनेत अर्ज केला. योजनेचं नाव घेत नाही. त्या कार्यालयातली माणसं वाईट नव्हती, त्यांच्यापुढचा छापील अर्जच तसा होता.

पहिली मागणी सातबाऱ्याची. मुंबई शहरात सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, हे समजावण्यात दोन खेपा गेल्या. मग प्रॉपर्टी कार्ड काढलं, तर त्यावर आमचं नाव नाही. जागा भाडेपट्ट्यानं मिळालेली, पट्टा कधीच संपलेला, नूतनीकरणाचा अर्ज पडून. कब्जा शंभर वर्षांचा, कर आम्ही भरतो, विजेचं बिल आमच्या नावावर, पण अर्जात रकाना एकच: ‘मालकी हक्काचा पुरावा’. शिवाय विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट मंजूर होऊन आलेला नाही, म्हणजे कागदोपत्री आमचे अध्यक्ष अजून तेच, जे वारले त्याला सहा वर्षं झाली. मुंबईत जुनी संस्था चालवणारा कुणीही हे वाचून हसेल. त्याच्याही कपाटात हेच आहे.

पण खरी भीती कागदाची नाही, स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारत किती मजबूत उरली आहे त्या तपासणीची आहे.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट कायद्यानंच करायला हवं, आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. आता आमच्यासारख्यांचं काय होतं ते बघा. ऑडिट करणाऱ्याला आम्ही वर्गणी काढून फी देतो. तो हातोडीनं भिंत ठोकतो, तुळईच्या टोकाला पेचकस खुपसतो. वाळवीनं पोखरलेलं लाकूड भुशासारखं गळतं. अहवालात ‘सी-१’ आलं, म्हणजे अतिधोकादायक, की दुरुस्तीचं अनुदान राहिलं बाजूला, महापालिका कायद्यातल्या कलम ३५४ ची नोटीस येते आणि इमारत रिकामी करावी लागते. एकदा रिकामी केलेली जागा गिरणगावात परत मिळत नाही. म्हणून कितीतरी संस्था ऑडिटच टाळतात. इमारत वाचवायचा अर्ज इमारत पाडायला निमित्त होईल, ही धास्ती असते. आणि नोटीस आली की आठवड्याभरात बिल्डरचा माणूस येतोच. आमच्याकडे तर नोटिसीशिवायच आला होता. नव्या टॉवरच्या पोडियमवर चारशे फूट देतो म्हणाला. आखाड्याचं काय, विचारलं, तर म्हणाला, जिम देऊ ना. लाल मातीत तेल-ताक घालून ती मळावी लागते, हे त्याला कुणी सांगायचं?

आमचं नशीब, आम्हाला ‘सी-२’ मिळालं, म्हणजे दुरुस्तीनं भागेल. मग अंदाजपत्रक. आमच्या भिंती चुन्यातल्या. अभियंत्याच्या हातातल्या दरसूचीत त्याला चुन्याचं काम सापडेना, म्हणून त्यानं सरळ सिमेंटचा गिलावा लिहून टाकला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की आतली ओल आतच कोंडते आणि चार पावसाळ्यांत विटांचा भुगा होतो. चुना भिजवून मुरवणारा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालणारा गवंडी आम्ही शोधला होता. त्याचा दर लिहायला अंदाजपत्रकात जागा नव्हती.

शेवटची अट, एकूण खर्चातला संस्थेचा हिस्सा आधी बँकेत दाखवा. अनुदान हप्त्यानं, तेही काम झाल्यावर, उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावर. काम आधी कशाच्या जोरावर करायचं? ज्यांच्याकडे एवढे पैसे पडून असतात त्यांची कौलं सहसा गळत नाहीत. आमच्या खात्यात तेव्हा एक लाख बारा हजार होते, त्यातले पंचेचाळीस हजार ऑडिट आणि नकाशांवर गेले. अर्ज त्रुटींसह परत आला. पैसे अर्थातच परत आले नाहीत.

ब्रिटनमध्ये नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड आहे. अडीच लाख पौंडांपुढच्या कामांना तिथे दोन टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यात पाहणी, नकाशे, तज्ज्ञांचं मानधन एवढ्यासाठीच पैसे मिळतात. स्वयंसेवकांनी दिलेले तास संस्थेचा हिस्सा म्हणून धरतात. (लॉटरी आपल्या राज्याचीही आहे, पण तो विषय वेगळा.) तिकडचं सगळं गोड असतं असं नाही, पण अर्ज करायलाच पैसे लागतात, एवढं तिथे कुणाच्या तरी लक्षात आलंय.

तुमच्याकडे मागणं मोठ्या रकमेचं नाहीच. दुरुस्तीच्या निधीतला थोडा भाग अर्जाआधीच्या खर्चासाठी बाजूला काढा. ऑडिट सरकारी पॅनलवरच्या, जुन्या बांधकामाची जाण असलेल्या माणसाकडून करून द्या. आणि ‘सी-१’ आलं तर पाडण्याआधी टेकू लावून वास्तू वाचते का, हे तपासायची मुदत द्या. मालकीच्या रकान्याखाली कराच्या पावत्या, वीजबिलं, इतिवृत्त चालतील अशी एक ओळ छापा. आमच्या आखाड्यातली तीस पोरं कौलं उतरवायला आणि रचायला तयार आहेत, त्यांचे घाम गाळलेले दिवस आमचा हिस्सा धरा. आणि पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी द्या. हिशेब आम्ही देऊ. १९२७ पासूनचा ठेवलाय, आणा-पैशासकट.

एकदा येऊन बघून जा. शक्यतो मेच्या आत या. जून लागला की वाचनाच्या टेबलांवर बादल्या असतात आणि ऐतिहासिक विभागाची कपाटं प्लास्टिकखाली, तेव्हा बसायला जागा मिळणार नाही. जिना चढताना उजवीकडून चढा. डावीकडची चौथी पायरी सुटली आहे.

आपला,
चिटणीस, लालबागमधल्या एका वाचनालयाचा