‘तिला वाटतं’ हे खोडणाऱ्या काकांना

काका,

काल रात्रभर रेंडर चालला, म्हणजे कॉम्प्युटर एकेक फ्रेम तयार करत होता. सलग नऊ तास. सकाळी उठून पाहिलं तर पडद्यावर शेवटची फ्रेम होती आणि कॉम्प्युटर मध्येच रीस्टार्ट न होता शांतपणे सुरू होता. तीन महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं. मी खुर्चीत बसले आणि मला रडूच आलं. त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा दारात माझ्या तोंडून धड ‘थँक यू’सुद्धा निघालं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुमच्या एकट्यासाठी न लिहिता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे चार लोकांना कळावं असं मला फार वाटतं.

हा पीसी मी स्वतः जोडलाय. एकेक भाग निवडायला कित्येक आठवडे घालवले होते. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना श्वास रोखून धरला होता, रॅमच्या पट्ट्या ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबताना हात थरथरत होता. पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर बायोस, म्हणजे मशीनची अगदी पहिली सेटिंगची स्क्रीन, उघडलं, तेव्हा मी घरभर नाचले होते. आणि दोनच आठवड्यांनी ते सुरू झालं. काम करता करता पडदा काळा, आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून चालू. निळा पडदा नाही, एरर नाही, काही नाही. विंडोजच्या नोंदींमध्ये दर वेळी तेच: कर्नल-पॉवर ४१. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं. का झालं, ते ही नोंद सांगत नाही.

तुमच्या आधी तिघांना दाखवून झालं होतं. त्यांच्याबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्याने मशीन उघडायच्या आधीच ‘एसएमपीएस गेलाय’, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा बिघडलाय, असं सांगून टाकलं. नवा बसवला, चार दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्याने रॅम बदलली आणि मला न विचारता फॉरमॅट मारला. माझी सगळी सेटिंग्ज आणि वर्षभर जमवलेले ब्रश त्यात गेले. रॅम मी आधीच मेमटेस्ट८६ या रॅम तपासायच्या प्रोग्रॅमने तपासली होती. चार पास पूर्ण, चुका शून्य. त्या निकालाचा फोटो मी त्यांच्यापुढे धरला होता. त्यांनी पाहिलाही नाही. तिसऱ्याने मदरबोर्डच बदलायला सांगितला आणि वर म्हणाला, ‘घरी जोडलं की असंच होणार.’ हे तो मला म्हणालाच नाही. बरोबर माझा भाऊ आला होता, त्याच्याकडे बघून म्हणाला. मशीन कुणी जोडलंय, त्रास कुणाला होतोय, हे दोनदा सांगूनही तो शेवटपर्यंत भावाशीच बोलत राहिला.

या तिघांनाही मी एक गोष्ट सांगितली होती. टेबलाखालचा कीबोर्डचा ट्रे ओढला की मशीन बहुतेक वेळा रीस्टार्ट होतं, असं मला वाटतं. एक जण हसला. एकाने योगायोग म्हटलं. तिसऱ्याला बहुधा ऐकूच गेलं नाही. त्यानंतर मी ते बोलणंच सोडून दिलं. मशीन बंद पडण्यापेक्षा मला याचा त्रास जास्त झाला. डोळ्यांनी पाहिलेलं मला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. रात्री ट्रे हळूच ओढायचे, काही झालं नाही की वाटायचं, बरोबर, आपला भ्रमच तो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडदा काळा.

मग तुम्ही आलात. आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर मागाल असं मला वाटलं होतं. तुम्ही स्टूल ओढून बसलात, खिशातून घडी घातलेला कागद आणि पेन्सिल काढली आणि म्हणालात, ‘कारण सांगू नकोस. जे दिसतं तेवढंच सांग, तुझ्या शब्दांत.’ मी सांगत गेले, तुम्ही लिहीत गेलात. मध्ये एकदाही तोडलं नाहीत. माझं सांगून झालं तेव्हा विचारलंत, ‘आणखी काही? फालतू आहे म्हणून सांगत नाहीयेस, असं काही?’

ट्रेचं मी मुद्दामच गाळलं होतं. तुम्ही विचारल्यावर सांगितलं, मान खाली घालून. तुम्ही लिहिलंत: ‘ट्रे ओढला की बहुतेक वेळा. तिला वाटतं.’ मग क्षणभर थांबलात. ‘वाटतं का पाहिलंयस?’ मी म्हटलं, पाहिलंय, पाच-सहा वेळा तरी. तुम्ही ‘तिला वाटतं’वर सरळ काट मारलीत आणि पुढे लिहिलंत, ‘तिने पाहिलंय.’ त्याखाली एक रेघ ओढलीत.

काका, तुमच्या दृष्टीने ते काहीच नसेल. आयुष्यभर प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त केलीत, अशा नोंदी तुम्ही हजारांनी लिहिल्या असतील. पण ती काट बघून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मशीन अजून उघडलंही नव्हतं. त्या दिवशी काहीच सापडलं नसतं, तरी मी तुमचे एवढेच आभार मानले असते.

पुढचा प्रश्न तर मला तीन महिन्यांत कुणी विचारलाच नव्हता. ‘पडदा काळा होतो तेव्हा पंखे थांबतात का?’ मला उत्तर ठाऊक होतं. नाही थांबत. मी ते रोज ऐकत होते. एसएमपीएसने जीव टाकला तर पंखेही थांबतात, सगळंच थांबतं. वीज चालू राहून मशीन नुसतं पहिल्यापासून सुरू होत असेल, तर कुणीतरी त्याला ‘पुन्हा सुरू हो’ म्हणतंय, हे तुम्ही इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंत की मला आधी सुचलं कसं नाही असं वाटलं. तरीही तुम्ही मल्टिमीटर लावून बारा व्होल्टची लाइन तपासलीत. ११.४० ते १२.६० यांच्या मधे आकडा हवा, तो बाराच्या जरासा वर होता. ‘एसएमपीएसवर उगाच आळ नको,’ म्हणालात. निर्जीव वस्तूवरसुद्धा पुराव्याशिवाय आळ नको, हे मला फार आवडलं.

रीसेटच्या बटणाकडे कुणाचं लक्षच जात नाही. त्याच्या दोनच बारीक तारा, त्या एकमेकींना टेकल्या की बोर्ड रीस्टार्ट होतो. त्यातली एक ग्राउंडची, आणि कॅबिनेटचा पत्राही ग्राउंडच. म्हणजे दुसऱ्या तारेचं तांबं पत्र्याला नुसतं टेकलं तरी बोर्डाला वाटणार, बटण दाबलं. तुम्ही त्या तारांची पिन बोर्डावरून काढलीत आणि मला ट्रे ओढायला लावलात. वीस वेळा, तीस वेळा. काही नाही. मी आनंदाने उड्या मारणार तेवढ्यात तुम्ही ती पिन परत लावलीत. ‘आता पुन्हा ओढ. नुसतं थांबलं म्हणून सापडलं असं धरायचं नाही.’ सहाव्या वेळी पडदा काळा झाला. बंद पडलेल्या मशीनकडे बघून मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

मागचं झाकण काढल्यावर ती तार दिसली. पत्र्याच्या धारेवर ताणून बसलेली, वरचं आवरण घासून गेलेलं, आत तांबं चमकत होतं. हे मीच केलं होतं. मागच्या बाजूला केबलींची एवढी गर्दी झाली होती की झाकण बसेना, तेव्हा मी ते जोर लावून दाबलं होतं, हे मला लगेच आठवलं. नंतरचे दोन आठवडे टेबलाच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर ती तार धारेवर घासत गेली असणार. म्हणजे तो तिसरा माणूस एका परीने बरोबरच होता. चूक घरीच झाली होती, माझ्याच हातून. मी तसं म्हटलंही. तुम्ही भिंगातून तार बघत होतात, मान वर न करता म्हणालात, ‘धार बोथट करायला हवी होती कॅबिनेटवाल्यांनी.’ मग हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आकसून तारेवर घट्ट बसणारी, नळी माझ्या हातात दिलीत आणि ती मलाच चढवायला लावलीत. तीन महिने ज्या हातांवर माझा भरवसा उरला नव्हता, त्याच हातांनी मी ते काम केलं, आणि तुम्ही शेजारी नुसता टॉर्च धरून उभे राहिलात.

दुरुस्तीवाल्यांपुढे रोज मशीनची रांग असते, हे मला कळतं. सगळ्यांनीच तास तास बसावं असं माझं म्हणणं नाही. पण तुमचं ते ऐकणं दहा मिनिटांत झालं होतं, मी घड्याळ पाहिलं होतं. त्या तिघांनी मिळून माझा एसएमपीएस, रॅम आणि वर्षभराचं काम बदललं किंवा घालवलं, ते ही दहा मिनिटं वाचवण्यासाठी. तेव्हापासून मी माणसांकडे बघताना हेच बघते, कोण समोरच्याला वाक्य पुरं करू देतं. फार थोडी असतात अशी. शाळेत आम्हाला गणिताला एक बाई होत्या. चुकलेलं उत्तरसुद्धा त्या शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग विचारायच्या, ‘हे कुठून आलं तुझ्या डोक्यात?’ तुम्ही पेन्सिल काढलीत तेव्हा मला त्या आठवल्या. अशी माणसं समोर असली की आपण खरं बोलतो, गाळलेलंही बोलतो. आणि बिघाड नेमका गाळलेल्यातच असतो.

रीसेटची पिन काढून ठेवली तरी चालेल, पॉवरचं बटण चार सेकंद दाबून काम भागतं, असं तुम्ही जाताना सांगितलं होतंत. मी ती परत जोडली आहे. केबलीही सगळ्या काढून पुन्हा नीट बांधल्या, आता झाकण एका बोटाने सरकतं. ट्रे रोज मुद्दाम जोरात ओढते.

तो कागद तुम्ही टेबलावरच विसरलात. मागच्या बाजूला तुमचा काहीतरी हिशेब लिहिलेला दिसतोय. लागणार असेल तर सांगा, फोटो काढून पाठवते. कागद मात्र आता परत मिळायचा नाही.