तीस वर्षांच्या कर्जाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

बँकेने २० ऐवजी ३० वर्षांची मुदत देऊ केल्यामुळे घर आता आवाक्यात आले, असे तू लिहितोस. आणि पत्राच्या शेवटी, वडिलांच्या पिढीला एका पगारात जे जमले ते आपल्याला दोन पगारांत का जमत नाही, असेही विचारतोस. मला या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच वाटते.

आधी हिशेब मांडतो. व्याजदर ९ टक्के धरला, तर १ लाखाच्या कर्जाला २० वर्षांसाठी महिन्याला सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो आणि मुदत ३० वर्षे केली की तो ८०५ रुपयांच्या आसपास येतो. हे ९५ रुपये वाचवण्यासाठी आणखी १० वर्षे हप्ते भरायचे, आणि एकूण व्याज १ लाख १६ हजारांवरून १ लाख ९० हजारांच्या घरात जाऊ द्यायचे. ३० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातले ७५० रुपये व्याजाचे असतात, मुद्दल फिटते जेमतेम ५५ रुपये. परतफेडीच्या कोष्टकात मुद्दलाच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत जा. मुद्दलाचा आकडा व्याजाच्या आकड्याला गाठेपर्यंत २२ वर्षे उलटून गेलेली दिसतील. दर बदलता असेल तर हे कोष्टकही कायमचे नाही, हे वेगळेच.

शिवाय ही सवलत तुला एकट्याला मिळालेली नाही. सगळ्याच ग्राहकांना जास्त कर्ज मिळू लागले आणि कामाच्या ठिकाणाजवळची जमीन मात्र होती तेवढीच राहिली, तर भाव चढणारच. दोन पगारांचेही बहुतांशी हेच झाले. घरात दुसरी मिळकत आली तेव्हा ती शेजारच्या घरातही आली, आणि एकाच घरासाठी दोघेही दुप्पट ताकदीने बोली लावू लागले. त्यामुळे दुसरा पगार सुखसोयींवर उडाला असे म्हणवत नाही. त्याचा मोठा हिस्सा जमिनीच्या भावात मुरला.

म्हणूनच तरुणांच्या अपेक्षा फार वाढल्या, हा वडीलधाऱ्यांचा आरोप मला मुळीच पटत नाही. (मोबाइल घेतला नाही म्हणून घर घेता आले, असा माणूस मला अजून भेटायचा आहे.) उलट अपेक्षा एकेक करून गळत गेल्या: आधी जास्तीची खोली सोडली, मग कामाच्या जवळ राहणे सोडले, मग लग्न आणि मूल पुढे ढकलले. आता पुष्कळांची मागणी एवढीच उरली आहे, की पुढच्या वर्षी घरमालकाने भाडे एकदम वाढवू नये आणि भिंतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी मागावी लागू नये.

ही मागणी मला कमीपणाची वाटत नाही. भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, असे आपण सहज बोलतो. मग पहिल्या हप्त्यातले ते ७५० रुपये कुठे गेले म्हणायचे? भाडेकरूला खरी उणीव असते ती शाश्वतीची, आणि ती मालकीशिवायही देता येते. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या नगरपालिकेने कामगारांसाठी ६० हजारांहून अधिक घरे बांधली, आणि आजही त्या शहरातले जवळपास निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. सिंगापूरने वेगळा मार्ग धरला. तिथे १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि आज सुमारे ८० टक्के रहिवासी त्याच्या घरांत आहेत. ज्यांनी ती विकत घेतली त्यांचा हक्कही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचाच आहे. दोन्हीकडे जमिनीचा प्रश्न शासनाने हाती घेतला, नुसत्या कर्जाची मुदत वाढवून तो मिटवला नाही.

तुला घर घेऊच नकोस असे मी सांगणार नाही. मात्र २० वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर ते घर तुला महाग आहे असे समज आणि लहान घर पाहा, नाहीतर काही वर्षे भाड्याने राहा. सही करण्यापूर्वी दोन्ही मुदतींची कोष्टके आणि मुदतीआधी फेडीची अट मला पाठव. आपण दोघे बसून पाहू.

तुझा,
मित्र