जपानी शब्द देवनागरीतून शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी भाची वृद्धसेवेच्या कामासाठी जपानला जायची तयारी करते आहे. एप्रिल २०१९ पासून जपानने नवा व्हिसा सुरू केला आणि तिच्यासारख्या मुलींना ही वाट खुली झाली. पण तिच्या क्लासच्या नोट्स अथपासून इतिपर्यंत रोमन लिपीत आहेत, हे पाहून माझ्यातल्या प्राथमिक शिक्षिकेला राहवले नाही.

त्या नोट्समध्ये स्वयंपाकातल्या आल्याचा जपानी शब्द 'शोगा' वाचला जाईल असा छापला आहे. खरा उच्चार शोओगा, 'ओ' दोन मात्रांचा. हिरागाना या जपानी लिपीत ते उघड दिसते: शि, त्याला लागून बारीक यो, मग उ, मग गा. स्वराची ही लांबी हरवली की नातेच बदलते. ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी. देवनागरीत हे सहज लिहिता येते.

शिवाय हिरागानाचा क्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा आहे: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकत, त्या अभ्यासातून तो तिकडे रुजला. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला तो परका वाटायचे कारणच नाही. 'इताइ देस का?' म्हणजे 'दुखतंय का?' प्रश्नाचा 'का' दोन्हीकडे शेवटीच! मग इंग्रजीचा वळसा कशाला?

नोट्समध्ये विमानतळ आहे, हॉटेल आहे, स्वयंपाकघर मात्र नाही. पाणीच घ्या. मिझु म्हणजे गार पाणी, गरम पाण्याला ओयु. थंडीत एखाद्या आजींनी ओयु मागितले आणि हातात गार पेला दिला, तर व्याकरणाचे गुण काय कामाचे? कच्चा तांदूळ कोमे, शिजलेला भात गोहान, हा भेद तर आपल्या मुलींना एका दमात समजेल.

आपल्या शिक्षणाच्या पानावर दर आठवड्याला दहा शब्दांची एक चौकट द्यावी, ही विनंती. हिरागाना, शेजारी देवनागरी उच्चार आणि मराठी अर्थ, एवढे पुरे. नाशिककरांसाठी सुरुवात भाजीबाजारापासूनच व्हावी: शोओगा आले, निन्निकु लसूण, तामानेगी कांदा, बुदोओ द्राक्षे. क्लासचालकांनीही नव्या बॅचच्या नोट्स अशाच छापाव्यात. पहिल्या काही चौकटींचे शब्द मी लिहून ठेवले आहेत; आपण कळवल्यास जपानीच्या जाणकारांकडून तपासून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक