ऑटिझमच्या संशोधनात न बोलणारी मुले कुठे आहेत?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ऑटिझमवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण ‘या मुलांना दुसऱ्याच्या मनातले ओळखता येत नाही’ या वाक्याशी मी अडकले. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो बोलत नाही. काही हवे असले की माझे मनगट धरून मला तिथवर नेतो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असे ठाम विधान दिसले की पहिला प्रश्न सुचतो तो एवढाच: किती मुलांवरून ठरवले, आणि कोणत्या?

या विधानाचे मूळ बरेचसे १९८५ सालच्या एका प्रयोगात आहे. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना दोन बाहुल्यांचा छोटा प्रसंग दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे ॲन ती काढून पेटीत ठेवते. आता सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? बरोबर उत्तर टोपलीत, कारण ॲनने काय केले ते सॅलीला माहीत नाही. २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी पेटीकडे बोट दाखवले. उरलेल्या चौघांनी बरोबर उत्तर दिले होते, पण लेखांमधून ते चौघे हटकून गळतात. आणि त्या विसांनाही गोष्ट नि प्रश्न कळण्याइतकी भाषा होती, म्हणून तर त्यांना विचारता आले. माझा मुलगा ना सोळांत बसला असता, ना चौघांत. त्याच्यापुढे तो प्रश्न पोचलाच नसता.

तुम्ही म्हणाल, हा जुना प्रयोग झाला. मग अलीकडचे पाहू. ऑटिझमला वाहिलेल्या नियतकालिकांत २०१६ साली आलेले सुमारे ३०० अभ्यास काही संशोधकांनी एकत्र तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्या अभ्यासांतल्या ऑटिस्टिक सहभागींपैकी अंदाजे ९४ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. याउलट अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांच्या ज्या सरकारी नोंदी ठेवल्या जातात, त्यांत २०२० साली, बुद्ध्यांक माहीत असलेल्या ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ३८ टक्के बौद्धिक अक्षमतेच्या गटात होती. न बोलणारी मुले बरेचदा याच गटात मोजली जातात. माझ्या वर्गातल्या कुणी असा नमुना निवडून सगळ्या शाळेची सरासरी काढली, तर मी त्याला वही परत देईन.

यात कुणाचा दुष्टावा नाही. मेंदूची चित्रे घेणाऱ्या एमआरआयच्या नळकांड्यात, त्या ठणठणाटात, न हलता पडून राहायचे म्हणजे मोठ्यांचीही परीक्षा. आम्हीही एका अभ्यासासाठी अर्ज भरला होता. ‘सूचना पाळू शकणारीच मुले आम्ही घेतो,’ असे फोनवर अगदी नम्रपणे सांगण्यात आले. माणसे सभ्य होती, राग येण्यासारखे काही नव्हते. तरी आला.

कारण वाट नाही असे नाही. काही संशोधक लहान मुले गाढ झोपेत असताना एमआरआय काढतात. नजर कुठे जाते हे टिपणाऱ्या कॅमेऱ्याला मुलाकडून एक शब्दही लागत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा २०१५ सालचा अभ्यास. त्यात ३० ऑटिस्टिक मुले होती, अजिबात न बोलणारी किंवा मोजकेच शब्द असलेली. नेहमीची बुद्धिमापन चाचणी त्यांतल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. मग त्यांना आकृतीतला रिकामा तुकडा शोधून बसवायची रेव्हनची चाचणी फळीवर मांडून दिली. ती २६ जणांनी पूर्ण केली, आणि त्यांतल्या १७ जणांचे गुण त्यांच्या वयाच्या इतर मुलांच्या नेहमीच्या टप्प्यात आले. ३० हा आकडा लहान आहे, हे मान्य. शिवाय सगळ्यांनाच ती जमली असेही नाही. पण पहिल्या चाचणीवर थांबले असते, तर या १७ जणांच्या नावापुढे काय लिहिले गेले असते?

माझा मुलगा कोड्याचे तुकडे चित्र खाली घालून, नुसत्या आकारावरून जुळवतो. त्याच्या अहवालात मात्र ‘मूल्यमापन शक्य नाही’ असा शेरा आहे. त्याचा अर्थ ‘क्षमता नाही’ असा लावणारे लोक मला सतत भेटतात, त्यांत शिकलेलेच जास्त.

तेव्हा संपादक महाशय, विनंती साधी आहे. ऑटिझमवरच्या संशोधनाची बातमी छापताना तिच्यात एक ओळ वाढवा: मुले किती होती, आणि त्यांतली किती बोलत होती. मूळ निबंधात ही माहिती दिलेली नसेल, तर तेही छापा.

आपली,
एक वाचक, गणित शिक्षिका