‘मन रिकामे करा’ असे नका सांगू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या सदरांत ध्यानावर लेख आला की त्यात एक वाक्य हमखास असते: डोळे मिटा, मन रिकामे करा, वीस मिनिटे शांत बसा. यातले डोळे मिटणे तेवढे नवख्याला जमते. मन रिकामे करायला बसले की ते जास्तच भरते, आणि आठवडाभरात ‘आपल्याला काही ध्यान लागत नाही’ म्हणून माणूस तो नाद सोडतो. चूक त्याची नसते. सांगणाऱ्याने मधली पायरी गाळलेली असते.

पतंजलींच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या भागात, म्हणजे विभूतिपादात, पहिले सूत्र आहे ‘देशबन्धश्चित्तस्य धारणा’, चित्ताला एका जागी बांधणे. दुसरे ‘तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्’, त्याच जागी जाणीव अखंड वाहत राहणे. यातला ‘तत्र’, म्हणजे ‘तिथे’, विसरला जातो. बांधायला जागाच दिली नाही तर वाहणार कुठे? या सूत्रांवरच्या व्यासभाष्य या जुन्या टीकेत जागाही दिल्या आहेत: नाभी, हृदय, नाकाचा शेंडा, जिभेचा शेंडा. ‘चित्तवृत्तिनिरोध’, म्हणजे चित्ताच्या हालचाली थांबणे, हे सगळ्या वाटचालीचे टोक आहे, पहिल्या दिवशीची सूचना नव्हे. ज्याला आपण सर्रास ध्यान म्हणतो ती बहुतेक वेळा धारणा असते, तीही तुटक. यात कमीपणा काहीच नाही.

पुराणांत एक जुने माप आहे: 12 प्राणायामांची एक धारणा, 12 धारणांचे एक ध्यान. एका प्राणायामाला 10 सेकंद धरले तरी ध्यान म्हणजे 144 प्राणायाम न तुटता, 24 मिनिटे, बरोबर एक घटिका! त्यामानाने नवख्याचे पहिल्या आठवड्यात 10 उच्छ्वास न हुकता मोजले गेले तरी पुष्कळ झाले.

म्हणून सुरुवात 10 मिनिटांनी करावी. बैठकीखाली चार बोटे उंचीची घडी घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठीला पोक येत नाही. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालेल, फक्त पावले पूर्ण टेकलेली हवीत. ‘स्थिरसुखमासनम्’ या सूत्रात पद्मासनाचे नावसुद्धा नाही. पहिले मिनिट नुसते बसावे. मग नाकपुडीच्या कडेला वारा जिथे लागतो तिथे लक्ष ठेवून फक्त उच्छ्वास मोजावेत, 1 ते 10, की पुन्हा 1. आकडा हुकला तर अंदाजाने पुढचा पकडू नये, मुकाट्याने 1 वर यावे. हे परत येणे म्हणजेच अभ्यास. ज्याचे मन पन्नास वेळा भरकटले आणि जो पन्नास वेळा परतला, त्याची बैठक वाया गेलेली नाही.

बिघडते कुठे, तेही सांगायला हवे. छातीत दाटल्यासारखे किंवा गरगरल्यासारखे झाले, तर आकड्याच्या तालावर श्वास ओढला जातो आहे असे समजावे. आधी श्वास आपोआप सुटू द्यावा, आकडा त्याच्या मागून यावा. मोजता मोजता 14 वर पोचलात तर तोंड मोजत होते आणि मन भलतीकडे होते. दहाची मर्यादा हीच चोरी पकडायला आहे. मग काही दिवस 10 ते 1 असे उलटे मोजावे. मान हळूहळू पुढे लवू लागली आणि फार बरे वाटू लागले, तर ती शांती नव्हे, डुलकी आहे. डोळे अर्धे उघडून समोर दोन हातांवरच्या जमिनीकडे पाहावे, आणि जेवणानंतर दोन-तीन तास बसूच नये. पाय बधिर झाला तर मज्जातंतूवर दाब आलेला असतो. सरळ पाय बदलावा, सहन करण्यात कसलेही तप नाही.

शिस्तीबद्दल पतंजली तीन शब्द वापरतात: दीर्घकाल, नैरंतर्य (खंड न पडणे), सत्कार (आदराने करणे). रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोजची 10 मिनिटे बरी, ती यातल्या मधल्या शब्दामुळे. योगसूत्रांच्या पहिल्या भागातल्या, समाधिपादातल्या, नऊ अंतरायांत (अडथळ्यांत) शेवटचा अनवस्थितत्व आहे, म्हणजे मिळालेली स्थिती न टिकणे. काल जमले आणि आज जमत नाही, ही तक्रार सूत्रकारांनी आधीच यादीत घालून ठेवली आहे. खरे बोलण्यासारखे आचरणाचे यम-नियम ध्यानाच्या आधी का, याचे उत्तरही बैठकीतच मिळते. दिवसा कुणाला थाप मारलेली असली की दहापैकी सहा मिनिटे ती निभावून नेण्यात जातात.

आपल्या सदरांत ‘मन रिकामे करा’ऐवजी मन कुठे ठेवायचे आणि हुकले तर काय करायचे, एवढे छापावे, ही विनंती. ज्यांना डोळे मिटताच भीती दाटून येते त्यांनी डोळे उघडे ठेवूनच सुरुवात करावी आणि त्रास वाढला तर थांबून डॉक्टरांना विचारावे, अशी एक ओळही चौकटीत द्यावी.

आपला,
एक वाचक