दुसऱ्या लग्नाचा पुरावा बायकोनेच का शोधायचा? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी इतिहासाची अभ्यासक आहे. मुंबई इलाख्यातले विवाहविषयक कायदे आणि त्यांखाली उभे राहिलेले खटले हा माझ्या संशोधनाचा विषय. दोन बायकांचा दादला हा आजोबा-पणजोबांच्या काळातला विषय आहे, असं बहुतेकांना वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण जुने निकाल वाचत गेले तसं लक्षात आलं की दुसऱ्या लग्नाची फिर्याद आणि पुरावा बायकोवरच टाकायची चूक आजही चालू आहे आणि ती दुरुस्त करायला तुमचं खातं सुरुवात करू शकतं. म्हणून हे पत्र.

1887 मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. लहानपणी लावलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं, एवढाच त्यांचा अपराध. त्याच कायद्याने त्यांच्या नवऱ्याला मात्र हव्या तितक्या बायका करायची मोकळीक होती. पुरुषाने दोन-तीन बायका केलेल्या चालतात, तर बाईने दोन-तीन नवरे केलेले त्याला चालतील का, असं महात्मा फुल्यांनी त्याच काळात रोखठोक विचारलं. त्याचं उत्तर कायद्यात यायला साठेक वर्षं लागली.

हिंदूंमध्ये द्विभार्याबंदी, म्हणजे एक बायको असताना दुसरी करायला बंदी, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने आली, असं आपण समजतो. मुंबई प्रांताने ती 1946 मध्येच आणली होती. त्या कायद्याला आव्हान दिलं गेलं. मुसलमानांना मुभा आणि हिंदूंनाच शिक्षा, हा भेदभाव आहे, असा युक्तिवाद झाला. 1951 मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला. या निकालाची चर्चा व्यक्तिगत कायदा (लग्न-वारशाचे धर्मागणिक वेगळे कायदे) आणि मूलभूत हक्क या अंगानेच होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. 1946 च्या कायद्यात हा गुन्हा दखलपात्र होता, म्हणजे पोलिसांना स्वतःहून कारवाई करता येत होती, आणि हा कडकपणाही न्यायालयाने उचलून धरला. नवऱ्याच्या भाकरीवर जगणारी बाई त्याच्याविरुद्ध फिर्याद करायला उभी राहणार नाही, एवढं व्यवहारज्ञान त्या कायद्यामागे होतं.

पुढे 1955 चा कायदा आला आणि द्विभार्येचा गुन्हा दंडसंहितेच्या कलम 494 खाली गेला. तिथे तो अदखलपात्र. आज भारतीय न्याय संहितेचं कलम 82 आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. पण पोलीस स्वतःहून हलत नाहीत. बाधित व्यक्तीने, म्हणजे बायकोने किंवा तिच्या आईबाप, भावंडं, मुलं, मामा-मावशी, काका-आत्या अशा कुणी कोर्टात तक्रार करायची आणि पुरावाही गोळा करायचा.

आणि पुरावा कसला? नवरा दुसरीबरोबर राहतो, तिच्यापासून मुलं आहेत, गाव त्यांना नवरा-बायको म्हणतं, यातलं काहीच पुरत नाही. भाऊराव लोखंडे खटला आपल्याच राज्यातला. फेब्रुवारी 1962 मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न लागलं. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये म्हटलं की होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्यांवाचून लग्न लागतं अशी रूढीही सिद्ध झालेली नाही, तेव्हा कायद्याच्या लेखी हे लग्नच नाही. आरोपी सुटले. त्यानंतर कितीतरी खटले याच खडकावर फुटले. दुसरं लग्न करायचं असेल तर सात पावलं टाकू नका, हा धडा पुरुषांना आयता मिळाला.

माझ्या वडिलांची आत्या पहिली बायको होती. नवऱ्याने दुसरी घरात आणल्यावर ती चाळीस वर्षं त्याच घराच्या माजघरात राहिली. कोर्टात का गेली नाही, असं मी तिला एकदा विचारलं. नवरा तुरुंगात गेल्यावर आपल्याला कोण पोसणार, असं तिने मलाच उलट विचारलं. तेव्हा मी विद्यार्थिनी होते. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

दुसरीची कथा वेगळीच. दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, म्हणून फसवली गेलेली बाईही उघड्यावर पडते. 1988 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा बाईला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तेव्हाच्या कलम 125 खाली पोटगी नाही. पहिलं लग्न लपवणाऱ्याला त्याच लबाडीचा फायदा घेऊन पोटगी टाळता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने म्हणेपर्यंत 2013 उजाडलं. एकीला लग्न सिद्ध करता येत नाही म्हणून न्याय नाही, दुसरीला लग्न खरं नाही म्हणून अन्न नाही. नवरा दोन्हीकडे मोकळा.

हा प्रश्न एका धर्माच्या नावाने मांडायची आपल्याकडे सवय आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सवत असलेल्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण हिंदूंमध्ये 1.3 टक्के आणि मुसलमानांमध्ये 1.9 टक्के निघालं. दोन्ही आकडे लहान आहेत, दोन्हींमागे बाया आहेत.

माझं मागणं असं. आंध्र प्रदेशाने 1992 मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून हा गुन्हा दखलपात्र केला. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत, असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्रालाही ते करता येईल. 1946 मध्ये मुंबईने जे केलं होतं, तेच पुन्हा करायचं आहे.

विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आपल्याकडे आहेच. ग्रामसेवकापासून महापालिकेपर्यंत कुठल्याही निबंधकाकडे लग्न नोंदवायला जोडपं आलं, की राज्यात इतरत्र झालेली नोंद त्याला तिथेच दिसली पाहिजे. वराने अर्जात ‘अविवाहित’ लिहिलं म्हणून विषय संपता कामा नये. आणि नवरा तुरुंगात गेला तर पहिलीचं आणि तिच्या मुलांचं पोट कसं भरणार, याची तरतूद त्याच दुरुस्तीत हवी, नाहीतर गुन्हा दखलपात्र होऊनही ती तोंड उघडणार नाही.

शेवटची विनंती माझ्या धंद्यातली आहे. हायकोर्टाचे निकाल छापले गेले, म्हणून आपल्याला माहीत आहेत. बायकांच्या स्वतःच्या जबान्या मात्र खालच्या कोर्टांच्या कागदांत असतात आणि मुदत संपली की असे कागद नष्ट करण्याची पद्धत आहे. 1946 ते 1955 या काळातले या कायद्याखालचे जे खटले जिल्हा न्यायालयांच्या अभिलेख कक्षांत उरले असतील, ते रद्दीत जाऊ नयेत म्हणून आपण उच्च न्यायालयाला लिहावं आणि ते पुराभिलेख खात्याकडे सोपवले जावेत. मसुदा करणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी माझी टिपणं घेऊन मी मंत्रालयात यायला तयार आहे. आपण दिवस कळवावा.

आपली,
इतिहासाची एक अभ्यासक